विद्यापीठातील उत्खनन-संग्रह : पावसाळ्याआधी भांडार कसे लावावे?

रावपुरेकर

सर्व सभासदांना नमस्कार. मी वडोदऱ्यात राहतो. एका विद्यापीठाच्या पुरातत्त्व संग्रहात नोंदणी सहाय्यक म्हणून २२ वर्षे काम करून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नसून सल्ला हवा आहे. शिवाय ज्या चुकांबद्दल लिहिणार आहे त्यांतील काही माझ्याच हातच्या आहेत. गेल्या महिन्यात विभागाने बोलावून घेतले आणि पावसाळ्याआधी भांडार लावून देण्यास मदत कराल का, असे विचारले. मी उत्साहाने होकार दिला, आणि कुलूप काढून आत गेल्यावर बराच वेळ एका खोक्यावर नुसता बसून राहिलो.

दोन खोल्या आहेत. चार दशकांतील उत्खननांची खापरे कापडी पिशव्यांत भरून भिंतीला टेकवून रचली आहेत आणि सर्वांत खालची रांग थेट फरशीवर आहे. मणी आगपेट्यांत कापसावर ठेवलेले, तांब्याच्या वस्तू औषधाच्या जुन्या बाटल्यांत, लोखंड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, आणि कच्छच्या आखाताजवळच्या एका स्थळावरून आलेले शंखाच्या बांगड्यांचे तुकडे प्लायवूडच्या खणांच्या कपाटात. पिशव्यांच्या तोंडाशी सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच कसरीने खाल्ल्या आहेत. एका चिठ्ठीवर स्थळाचे नाव व थर शाबूत होता, मात्र खड्ड्याचा क्रमांक जेथे लिहिलेला असणार तेथे अचूक वाटाण्याएवढे भोक होते.

नोंदवह्या तीन आहेत. पहिली इंग्रजीत, दुसरी गुजरातीत, आणि तिसरीत मजकूर गुजराती पण आकडे मराठी वळणाचे, कारण तो लिपिक आमच्यासारखाच दांडिया बाजारातल्या मराठी घरातला होता. गुजराती असो वा मराठी, एकाचा आकडा घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी यादी तयार करताना १४ क्रमांकाची पिशवी ९४ म्हणून नोंदवली होती आणि त्यामुळे खरी ९४ क्रमांकाची पिशवी ‘गहाळ’ ठरली. हे मला निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना कळले. तोपर्यंत एका विद्यार्थ्याने त्या पिशवीतील खापरांवर प्रबंधाचे एक प्रकरण लिहून टाकले होते.

हाताशी अडीच महिने, दोन विद्यार्थी आणि जेमतेम निधी आहे. विभागाचे म्हणणे असे की छायाचित्रांसह संगणकावर सूची करावी, म्हणजे वरिष्ठांना काम दिसेल. माझे म्हणणे असे की आधी क्रमांक वाचवावेत. कपाटे, साफसफाई आणि संगणक यांचा क्रम आपण कसा लावाल?

थर_तीन

काका, आपला क्रम बरोबर आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण आपल्याच गुजरातेतल्या एका उदाहरणावरून सांगतो. शामळाजीजवळच्या देवनीमोरीचे उत्खनन १९६० ते १९६३ या काळात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने रमणलाल मेहता आणि सूर्यकांत चौधरी यांच्या नेतृत्वाखाली केले. तेथे स्तूप होता, विहार होता, मातीच्या बुद्धमूर्ती होत्या, आणि लेख कोरलेला अस्थिकलश मिळाला, जो आजही विद्यापीठाकडे आहे. ते स्थळ मात्र पुढे मेश्वो धरणाच्या पाण्याखाली गेले. म्हणजे आज देवनीमोरी पाहायला जायचे म्हटले तर जायला जमीनच नाही. जे काही आहे ते वस्तू, आराखडे, छायाचित्रे आणि अहवाल यांतच आहे. इतर स्थळांवर निदान पुन्हा एक खड्डा घेऊन शंका फेडता येते, येथे ती सोय नाही.

धरण नसले तरी उत्खनन हेच मुळी स्थळ संपवण्याचे काम आहे. थर एकदा खणला की तो कागदावर आणि पिशवीच्या चिठ्ठीवरच उरतो. कसरीने ज्या पिशवीचा खड्डा क्रमांक खाल्ला, त्या पिशवीपुरते उत्खनन झालेच नाही असे समजायला हरकत नाही.

शंखशिंपले

मी वस्तुसंधारणाचे काम करते. रावपुरेकर काका, आपल्या मजकुरातील ‘प्लायवूडच्या खणांत शंखाचे तुकडे’ हे शब्द वाचून मी दचकले, म्हणून त्याच्याबद्दल आधी लिहिते. लाकूड, आणि त्याहूनही अधिक प्लायवूड व त्यातील डिंक, यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सतत निघत असते. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बंद खणात ही वाफ साचते आणि दमट हवेत शंखाच्या पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीचा, कधी सुईसारख्या बारीक स्फटिकांचा थर उगवतो. पाहणाऱ्याला बुरशी वाटते, पण ती बुरशी नसते. शंखाचाच पृष्ठभाग क्षारात रूपांतरित होत असतो. संग्रहालयांत याला बाइनचा रोग म्हणतात. बांगडीच्या तुकड्यावरील करवतीच्या खुणा, घासणीच्या रेघा, कोरलेली नक्षी हे सर्व वरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये असते आणि नेमके तेच जाते.

गुजरातेतील संग्रहांना ही बाब विशेष लागू आहे, कारण येथल्या हडप्पाकालीन स्थळांवर शंखकाम मोठ्या प्रमाणावर होते. नागेश्वर घ्या, बगसरा घ्या. बगसऱ्याच्या १९९६ पासूनच्या उत्खननांत बांगड्यांच्या कार्यशाळा उजेडात आल्या. कच्चा माल, अर्धवट कापलेले शंख, टाकाऊ तुकडे असे कामाचे सर्व टप्पे मिळाले. अशा वेळी टाकाऊ तुकडा हाच सर्वांत बोलका असतो, कारण कारागिराने करवत कोठून घातली ते त्याच्यावर दिसते. तो तुकडा आपण प्लायवूडमध्ये ठेवून पुसट करत असू तर त्या कारागिरावर अन्यायच आहे.

उपाय साधा आहे. शंख, हाड आणि हस्तिदंत आजच्या आज लाकडाबाहेर काढून पॉलिथिनच्या झाकणाच्या डब्यांत ठेवावे. भुकटी आलेले तुकडे धुऊ नयेत. मऊ कुंचल्याने झटकून वेगळे ठेवावेत आणि छायाचित्र काढावे. निधी मिळाला तर भट्टीत रंग पक्का केलेली पोलादी कपाटे घ्यावीत. आपल्याकडे त्यांनाच ‘तिजोरी’ म्हणतात, त्यामुळे मागणीपत्रात तो शब्द लिहू नका. माझ्या एका परिचितांच्या मागणीपत्रावर लेखा विभागाने ‘खापरांना तिजोरी कशाला?’ असा शेरा मारून ते परत पाठवले होते.

मांडवी_दरवाजा

मी या विषयातला नाही, पण फरशीवरच्या रांगेविषयी बोलण्याचा अधिकार मला आपल्या विश्वामित्री नदीने दिला आहे. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला, तेव्हा आमच्या तळमजल्यावर आजोबांच्या मोडी कागदांचे दोन गठ्ठे खालच्या फळीवर होते. पाणी केवळ सहा इंच आले होते. खालचा गठ्ठा भिजला आणि वरच्याला काही झाले नाही, पण पाणी न लागताही वरच्याला तिसऱ्या दिवशी बुरशीचा वास येऊ लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा आमची सर्व कागदपत्रे पहिल्या मजल्यावर होती आणि झोप लागली. काका, विभाग तळमजल्यावर असेल तर संगणक, सूची, कपाटे हे सर्व नंतर. आधी फरशीवरची रांग उचला.

जुनी_पाटी

मांडवी_दरवाजा यांच्या अनुभवाला दुजोरा. प्लॅस्टिकचे पॅलेट वखारीत जुने मिळतात, सहा इंच उंचीचे, आणि त्यांच्याखालून हवा खेळते. विटांवर फळ्या टाकू नका. फळीला वाळवी लागते आणि ती फळीवरून पिशवीत जाते. पिशवीतले खापर ती खाणार नाही, पण पिशवी आणि चिठ्ठी एका रात्रीत संपवेल. भिजलेली नोंदवही हाताशी आली तर ४८ तासांच्या आत पाने सुटी करून टीपकागद घालून वाळवावी, आणि तेवढी माणसे नसतील तर सरळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गोठवणपेटीत ठेवावी. गोठल्यावर बुरशी थांबते आणि विचार करायला वेळ मिळतो.

मी प्रयोगशाळेत होतो, म्हणून धातूंविषयीही दोन ओळी लिहितो. तांब्याच्या वस्तूंवर नेहमीचा गर्द हिरवा गंज दिसला तर घाबरू नये, तो बहुधा स्थिर असतो. फिकट, पोपटी, बोटाला लागणारी भुकटी ठिपक्यांच्या रूपात दिसली तर घाबरावे. आतल्या क्लोराइडला दमट हवा मिळाली की ही प्रक्रिया सुरू होते आणि चालूच राहते. तिला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. अशी वस्तू हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आणणे हा पहिला उपाय. जेलचे दाणे निळ्याऐवजी नारिंगी रंगाचे घ्या, कारण निळ्यात कोबाल्टचे संयुग असते आणि ते आरोग्याला बरे नाही. दाण्यांचा रंग पालटला की ११० अंशांच्या आसपास भाजून पुन्हा वापरता येतात. तांब्याचा गंज रोखणारे बेन्झोट्रायझोलचे द्रावण विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नका. ते विषारी आहे आणि त्याला हातमोजे, खेळती हवा व जाणकार माणूस, तिन्ही लागतात.

लोखंडाला यापेक्षाही कोरडी हवा लागते, आणि बिस्किटांचा डबा स्वतःच गंजत असतो. त्यावर अधिक काय लिहावे!

अभ्यासिका

मी पदव्युत्तर वर्गात आहे. एक प्रश्न कदाचित बाळबोध असेल. आमच्या उत्खननात खापरे धुऊन, वाळवून लगेच त्यांच्यावर पेनाने क्रमांक घालतात. मी पाहिलेल्या जुन्या खापरांवर मात्र नेलपॉलिशचा चकाकता पट्टा आहे आणि तो पोपडा होऊन निघतो आहे. पोपड्याबरोबर क्रमांकही निघतो. त्यावर पुन्हा तसेच नेलपॉलिश लावावे का?

शंखशिंपले

मुळीच लावू नका, आणि हा प्रश्न बाळबोध नाही. नेलपॉलिश मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचे असते. ते पिवळे पडते, आक्रसते आणि आपण पाहिले तसे सुटते. त्याऐवजी पॅरालॉइड बी-७२ ही ॲक्रिलिक राळ ॲसिटोनमध्ये साधारण १५ ते २० टक्के विरघळवून तिचा लहानसा पट्टा द्यावा, वाळल्यावर त्यावर कार्बनच्या काळ्या शाईने बारीक निबने क्रमांक लिहावा, आणि शाई वाळली की वर आणखी एक हात द्यावा. पुढे कधी काढायचे झाले तर ॲसिटोनच्या बोळ्याने निघते. गडद खापरावर खाली पांढरा पट्टा लागतो. क्रमांक तुटलेल्या कडेवर घालू नये, कारण उद्या दोन तुकडे जुळवायचे झाल्यास त्या कडा लागतात. रंगकामावर घालू नये. आणि शक्यतो आतल्या पृष्ठभागावरही घालू नये. आता खापरांच्या भिंतीत मुरलेल्या चरबीचे अंश काढून त्या भांड्यात काय शिजत होते हे तपासले जाते, आणि राळ किंवा प्लॅस्टिकचा संपर्क त्या तपासणीत घोळ घालतो. म्हणूनच प्रत्येक स्थळाची थोडी खापरे न धुता, ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून वेगळी ठेवण्याची पद्धत पडावी असे मला वाटते.

सुटणाऱ्या पोपड्याबाबत मात्र घाई करा. पोपडा निघण्याआधी क्रमांक वाचून घ्या, दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्या, आणि मगच जुना थर काढा.

थर_तीन

ताईंच्या मुद्द्याला जोडून एक वादाचा विषय काढतो, क्षमस्व. काकांच्या दोन खोल्यांतील निम्म्याहून अधिक पिशव्या साध्या, काठ नसलेल्या, रंग नसलेल्या खापरांच्या असणार. त्यांची वर्गवार मोजणी आणि वजन करून, थोडा नमुना ठेवून बाकी विल्हेवाट लावावी असे माझे प्रामाणिक मत आहे. जागा ही अमर्याद नाही. साध्या खापरांच्या पिशव्यांखाली मण्यांची पेटी चेपली जात असेल तर आपण जतन करत नसून साठवण करत आहोत.

जुनी_पाटी

याच्याशी मी पूर्ण असहमत आहे. १९५० च्या दशकात ज्यांनी ‘साधे’ म्हणून तुकडे फेकले त्यांना पातळ छेद घेऊन मातीचा उगम शोधता येईल याची कल्पना फारशी नव्हती, आणि चरबीच्या तपासणीची तर मुळीच नव्हती. आपल्याच शहरातल्या विद्यापीठात हेगडे सरांसारख्या रसायनशास्त्राच्या माणसाने खापरांची रासायनिक तपासणी करून दाखवली, ती साध्या तुकड्यांवरही होऊ शकते म्हणूनच. पुढच्या पन्नास वर्षांत काय तपासता येईल ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही.

थर_तीन

मान्य, पण त्या न्यायाने उत्खननातील माती चाळल्यावर उरलेले खडेसुद्धा ठेवावे लागतील. निवड ही खड्ड्यातच सुरू होते. भांडारात ती नाकारणे म्हणजे ती न लिहिता करणे होय. माझा आग्रह फेकण्याचा नसून लिहिण्याचा आहे. कोणत्या पिशवीतून किती तुकडे, किती वजनाचे, कोणाच्या सहीने आणि कोणत्या कारणाने काढले, याची नोंद असली पाहिजे. जागा नसेल तर स्थळावर परवानगीने खड्डा घेऊन पुरावेत आणि तळाशी चालू वर्षाचे नाणे टाकावे, म्हणजे पुढच्या उत्खननकर्त्याची फसगत होणार नाही.

नर्मदाकाठ

वाद रंगला आहे, पण कायद्याची बाजू विसरू नये. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे आणि शंभर वर्षांवरील वस्तू त्याच्या कक्षेत येतात. उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्यावर होते, आणि परवान्यासोबत अटी असतात. म्हणून ‘विभागाच्या खापरांचे’ काय करायचे हा केवळ विभागाचा प्रश्न नाही. विल्हेवाट, पुनर्निक्षेप (म्हणजे पुन्हा पुरणे), अगदी नमुना परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवणे, यांतले काहीही लेखी परवानगीशिवाय करू नये.

आणखी एक गोष्ट. वस्तूंपेक्षा अधिक वेगाने उत्खननाच्या रोजनिश्या नाहीशा होतात. मार्गदर्शक निवृत्त होताना ‘माझी टिपणे’ म्हणून घरी घेऊन जातात, त्यात वाईट हेतू नसतो, अहवाल लिहायचाच असतो. अहवाल राहतो, टिपणे राहतात, आणि पुढच्या पिढीने घर रंगवायला काढले की रद्दीवाला येतो. आमच्या ओळखीतल्या एका घरी सात रोजनिश्या रद्दीच्या काट्यावरून परत आणल्या. दोन आधीच गेल्या होत्या. काका, विभागाला सांगून पूर्वीच्या सर्व उत्खननकर्त्यांच्या घरी एक अदबीचे पत्र पाठवा. मूळ वही मिळाली नाही तर छायाप्रत तरी मिळेल.

मांडवी_दरवाजा

आपल्याच शहरातल्या अकोट्याच्या धातुमूर्ती १९५१ मध्ये सापडल्या आणि आज सयाजीबागेतील संग्रहालयात आहेत. आमच्या आजीला ते दिवस आठवत असत. मूर्ती पाहायला लोक जातात. अकोट्यात मात्र आता घरे आणि रस्ते आहेत. नर्मदाकाठ, आपण रोजनिश्यांचे लिहिले तेव्हा हे मनात आले.

रावपुरेकर

सर्वांचे आभार. पाच आठवडे उलटले आहेत, म्हणून काय झाले ते सविस्तर लिहितो.

शंख पहिल्याच दिवशी हलवले. चौथ्या खणात ताईंनी वर्णन केलेली पांढरी भुकटी होती आणि ती मी नोकरीत असताना पाहिली होती. पावसाळी बुरशी समजून मी ती ओल्या फडक्याने पुसत असे, दर वर्षी. आता ते तुकडे भिंगाखाली पाहिले तेव्हा काहींवर करवतीची रेघ उरली आहे, काहींवर उरलेली नाही. माझ्या फडक्याचे काम किती आणि आम्लाचे किती, हे सांगता येणार नाही.

फरशीवरच्या रांगेसाठी प्रतापनगरच्या बाजूच्या एका वखारीतून जुने पॅलेट आणले. पिशव्या उचलताना सुमारे दहापैकी एकीचा तळ कुजून गळला. त्यामुळे आम्ही एक नियम घातला: एका वेळी एकच पिशवी टेबलावर, तिच्याखाली ट्रे, आणि ती पुन्हा बांधून होईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. दोन पिशव्यांची खापरे मिसळली तर ती पुन्हा वेगळी करणे कोणालाही शक्य नाही.

चिठ्ठ्यांसाठी महागडा कागद परवडला नाही. प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी लहान पॉलिथिनच्या पाकिटात घालून आत ठेवली आणि दुसरी बाहेर बांधली. बॉलपेन आणि मार्कर यांना खोलीत प्रवेश बंद आहे. मार्करने लिहिलेल्या पिशव्यांवरचे अक्षर सहा वर्षांत उडाले आहे, तर १९६० च्या दशकातील पेन्सिल काल लिहिल्यासारखी आहे. आकडा लिहिताना एकाच्या पुढे कंसात अक्षरी ‘एक’ लिहायचे, हा माझा स्वतःचा प्रायश्चित्ताचा नियम. विद्यार्थी हसतात, पण पाळतात.

संगणकीय सूचीबाबत विभागाशी तडजोड झाली. छायाचित्रे नंतर घेऊ. आधी फक्त पाच रकाने भरायचे: क्रमांक, स्थळ, खड्डा व थर, वस्तूचा प्रकार, आणि खोली-मांडणी-फळी. शेवटचा रकाना जुन्या तिन्ही नोंदवह्यांत नव्हता. वस्तू आहे हे प्रत्येक वहीत होते, कोठे आहे हे आमच्या डोक्यात होते, आणि आम्ही निवृत्त झालो. रोमच्या इक्रोम या संस्थेने युनेस्कोसह भांडारांच्या फेरमांडणीची जी पद्धत तयार केली आहे, तिच्यात अशी कसोटी आहे की कोणतीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी आणि ती काढताना दोनपेक्षा अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. आम्ही कामाच्या आरंभी एका विद्यार्थिनीला दहा क्रमांक दिले होते. चार सापडले, तेही प्रत्येकी पाव तासाने. परवा तेच दहा दिले; नऊ सापडले, बहुतेक चार-पाच मिनिटांत.

साध्या खापरांचा निकाल आम्ही लावलेला नाही. एकही तुकडा बाहेर जाणार नाही, पण प्रत्येक पिशवीचे वजन रकान्यात येते आहे, म्हणजे पुढे जे कोणी ठरवतील ते अंदाजाने ठरवणार नाहीत. थर_तीन आणि जुनी_पाटी, दोघांनीही माझ्यावर रागावावे.

जुनी_पाटी

रागावलो नाही. आखाताजवळच्या स्थळाची खापरे वजन करताना हाताला पांढरा, खारट थर लागतो का? लागत असेल तर तो मातीतील मिठाचा आहे. मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून विरघळते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक बनते. आपल्याकडे पावसाळ्यात हे चक्र कित्येकदा फिरते आणि प्रत्येक वेळी खापराचा वरचा पापुद्रा उचलला जातो. भक्कम भाजलेली खापरे साध्या पाण्यात ठेवून, पाणी बदलत राहून मीठ काढता येते. शेवटच्या पाण्याचा थोडा नमुना वेगळा काढून त्यात थोडे सौम्य नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून ते गढूळ होत नाही ना, हे पाहावे. कच्च्या मातीच्या वस्तू आणि पांढऱ्या रंगाची नक्षी असलेली भांडी पाण्यात घालू नयेत. चुन्याचा थर काढायला खापरे सौम्य आम्लात बुडवण्याची जुनी सवय आम्हालाही होती. पांढरा रंग आणि मातीत मिसळलेली शिंपल्यांची भुकटी त्यात विरघळून जाते. मी स्वतः केले आहे, म्हणून सांगतो.

रावपुरेकर

होय, एकूण १९ पिशव्यांत तसा थर आहे. त्यांच्यावर लाल दोरा बांधून ठेवला आहे. पाण्याचे काम पावसाळा संपल्यावर, जेव्हा वाळवायला ऊन असेल.

‘अनाथ’ असे नाव दिलेला एक ट्रे शेवटी उरला आहे. ज्यांचा क्रमांक कोठेच नाही अशी ४१ पुडकी त्यात होती, आज ४० आहेत. एका पुडक्यातली तांबड्या लेपाची सहा खापरे गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती आणि रबराचा पट्टा वितळून कागदाला चिकटला होता. विद्यार्थिनी तो कागद टाकणार होती, कारण वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो हे तिला कोठेतरी शिकायला मिळाले होते. मी तो उलगडला. वरच्या कोपऱ्यात फेब्रुवारीची तारीख आणि साल होते. नर्मदाकाठ यांच्या सूचनेवरून पाठवलेल्या पत्राला उत्तर म्हणून एका घरून जी रोजनिशी आली आहे, तिच्यात त्या हंगामात तीनच खड्डे चालू होते, आणि त्या तारखेनंतरच्या आठवड्यात एकाच खड्ड्यातून तांबड्या लेपाची खापरे आल्याची नोंद आहे, संख्येसह: सहा.

नोंद करताना ‘बहुधा’ हा शब्द लिहिला आहे. वर्तमानपत्राचा तो कोपरा वेगळ्या पाकिटात घालून त्याच डब्यात ठेवला आहे आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिले आहे की हा कागद फेकू नये.